मायचं दुकान त्या टोकाला होतं

ताई,

माती लोटायच्या आधी पाळकसाहेबांनी मला विचारलं, "सर, बहिणीविषयी दोन शब्द बोलता का?" मी मान हलवून नाही म्हटलं. लोकांना वाटलं, गळा दाटून आला असेल. तसं नव्हतं. मी तोंड उघडलं की "तसं नाई ते" म्हणून तू मध्ये पडणार, ही माझी सत्तर वर्षांची सवय. आता तू मध्ये पडणार नाहीस अशी खात्री झाल्यावर मला काही सुचेनाच. आज आठ दिवस झाले. अमरावतीला परत आलोय. खाली राजापेठेत ट्यूशनची पोरं गाड्या लावण्यावरून भांडताहेत आणि मी वरच्या खोलीत कागद घेऊन बसलोय. आता बोलतो. ऐकून घे.

तू किती गावं फिरलीस, किती वर्षं नोकरी केलीस, चर्चच्या मंडळीनं तुला शाल कधी दिली, हे सगळं कबरस्तानात वाचून झालंय. वाचणाऱ्यानं तुझं वय दोन वर्षांनी वाढवलं, तेवढं ऐकून तू पेटीतून उठशील असं मला क्षणभर वाटलं. मला त्यातलं काही लिहायचं नाही. मला आपलं भांडण लिहायचंय, कारण ते अर्धं राहिलं आणि अर्धं सोडून जायची तुझी रीत नव्हती.

भांडण मायवरून होतं. माय गेली तेव्हा तू सात वर्षांची होतीस आणि मी तीन दिवसांचा. बार्शीटाकळीजवळ नाल्याकाठी आपली थोडी बागायत. वांगी, मेथी, आपला सांभार म्हणजे कोथिंबीर पिकवायचं आणि मायनं टोपलं डोक्यावर घेऊन आठवडी बाजारात बसायचं. बाळंतपणानंतर तिला ताप भरला आणि ती गेली. बापानं मला फडक्यात गुंडाळून अकोल्याला मिशनच्या दवाखान्यात आणलं, तुला एका हाताला धरून. मी जगलो. बाप त्याच दवाखान्याच्या बागेत माळीकाम करू लागला आणि दोन वर्षांनी आपल्या तिघांचा बाप्तिस्मा झाला. आपल्या घरात येशू आणि त्याचं तारण आलं ते असं, आणि माय त्याच्या आधीच निघून गेलेली.

पुढे तू बायबलबाई झालीस. आता हा शब्दही समजावून सांगावा लागतो. खांद्याला कापडी पिशवी, पायात झिजलेल्या चपला, गावोगाव आणि दवाखान्याच्या बायांच्या वॉर्डात जाऊन येशूची गोष्ट सांगणारी बाई. चाळीस वर्षं तू हेच केलंस. एसटी चुकली तर चालत गेलीस. बाभळीखाली बसून भाकर आणि ठेचा खाल्लास आणि ज्या घरात पाणी मिळालं त्या घरच्या बाईला तिच्या लेकरांची नावं विचारलीस. नावं तुझ्या लक्षात राहायची. माझ्या वर्गातल्या पोरांची नावं मला वर्ष संपत आलं तरी येत नसत.

आणि मी असा निघालो. अमरावतीला हायस्कुलात गणित आणि विज्ञान शिकवलं, रविवारी उपासनेला गेलो, पण मागच्या बाकावर बसलो. तू मला "अमरावतीचा नरम ख्रिस्ती" म्हणायचीस. दर रविवारी जेवण झालं की तुझा फोन. आधी तुमच्याकडे काय उपदेश झाला, मग आमच्याकडे काय झाला, मग माझं ब्लडप्रेशर, आणि मग फिरून फिरून माय.

"ज्यानं येशूचं नावच आयकलं नाई त्याचं तारन कसं होईन?" तू म्हणायचीस. "तारन काय रस्त्यावर पडलं हाये?"

"म्हणजे ज्याच्यापर्यंत सांगणारा कोणी पोचलाच नाही, तो गेला कामातून? असला कसला तुझा देव?"

"देवाले काही बोलायचं नाई. मले बोल."

मग मी तुला बोलायचो. देवाला एवढाही न्याय कळत नाही का, म्हणायचो. येशूच्या आधी हजारो वर्षं माणसं जन्मली आणि मेली, ती कोणत्या उपासनेला बसणार होती? तू सगळं ऐकून घ्यायचीस. त्यानंतर तू विचारायचीस,

"बरं. समज, न आयकनारे सगळेच तरले. मंग मी काहून हिंडली रे चाळीस वर्सं? घरी बसून शेवया-सरगुंडे वळले असते."

तिथं माझं गणित संपायचं. तुझं म्हणणं खरं धरलं तर तुझी माय जात होती आणि माझं खरं धरलं तर तुझं सगळं आयुष्य फुकट जात होतं. हे मला फार उशिरा कळलं, ताई. अनेक वर्षं मला वाटत होतं की तू हट्टी आहेस. तू हट्टी होतीसच, पण दोन्हीकडून कापली जात होतीस आणि मी लांबून गंमत बघत होतो. याची मला लाज वाटते.

माझाही त्यात स्वार्थ होता, तो तुला ठाऊक होता. मायचा फोटो नाही. मी तिला पाहिलं असं म्हणायचं तर डोळे नीट उघडायच्या आधी पाहिलं. माझ्याकडे जी माय आहे ती सगळी तू दिलेली. ती मेथीच्या जुड्या केळीच्या सोपटानं बांधायची आणि गाठ दातानं ओढायची. तिला हसू आलं की ती पदर तोंडावर घ्यायची. तिच्या डाव्या भुवईत एक व्रण होता, वासराच्या शिंगाचा. एवढंच. जेवताना मी मुद्दाम पुन्हा पुन्हा विचारायचो आणि तू दर वेळी तेच सांगायचीस, एखादी गोष्ट पदरची घालायचा मोह तुला कधी झाला नाही. तुझ्याकडे सात वर्षांची माय होती. माझ्याकडे काहीच नाही, तेव्हा मला ती पुढे स्वर्गातच भेटली तर भेटणार. तिथं ती नसेल, तर मला ती कुठंच नाही. म्हणून मी भांडायचो. देवाच्या न्यायाचं वगैरे मी वरून लावायचो.

बाळापूरच्या हमीदाबी आठवतात? त्या तुझ्या मातीला आल्या होत्या, नातवाच्या स्कूटरवर मागे बसून, गुडघे दुखत असताना. वीस वर्षं तू त्यांच्या ओट्यावर बसून येशूच्या गोष्टी सांगितल्यास, त्यांनी वीस वर्षं चहा पाजला आणि त्या जिथं होत्या तिथंच राहिल्या. मी तुला चिडवायचो की ही तुझी सगळ्यात लांबलेली केस. तू म्हणायचीस, "तिनं आयकलं, तिचं ती पाहीन. देव अन् ती. म्या माहं काम केलं." तुझ्या पेटीजवळ उभ्या राहून त्या मला म्हणाल्या, "आपकी बहन जैसा बोलनेवाला अब कौन आयेगा हमारे घर? मैं तो चाय का पानी रखती थी, उतने में दो नबियों का किस्सा हो जाता था." आणि रडल्या. तू कोणाला बदललंस ते मला मोजता येत नाही. तुझी वाट कोण बघायचं ते मात्र त्या दिवशी कबरस्तानात दिसलं.

आता बाजाराची गोष्ट. ही आपण दोघांनी कोणालाच सांगितली नाही, सांगितली असती तर दोघांनाही लोकांनी डॉक्टरकडे नेलं असतं.

पाच वर्षांपूर्वीचा रविवार. मी फोनवर म्हणालो, "ताई, बाप सांगायचा, त्या बाजारात मिशनचे उपदेशक यायचे. पेटी, ढोलकी घेऊन गाणी म्हणायचे. मग मायनं ऐकलं असणारच. दर आठवड्याला ती तिथंच बसायची."

तू म्हणालीस, "उपदेशक कडुनिंबाखाली बसायचे. मायचं दुकान त्या टोकाले होतं, ढोरांच्या बाजाराकडं. तठी आयकू येत नवतं."

"कशावरून?"

"मी होती ना तिच्यासंग."

"सात वर्षांच्या पोरीचं काय ऐकायचं! जागा तीच आहे. जाऊन बघू. मोजून काढू. आवाज किती लांब जातो ते मी छत्तीस वर्षं शिकवलंय."

मला वाटलं, हसशील. तू म्हणालीस, "ये मंग बाजाराच्या दिवशी."

अकोल्याहून काळीपिवळी जीपमध्ये बसून आपण गेलो. तू इस्त्रीची पांढरी साडी नेसली होतीस, सणाला नेसायचीस तशी. कडुनिंब होता. त्याच्याखाली आता एक माणूस प्लॅस्टिकच्या बादल्या मांडून बसला होता. त्या टोकाला, जिथं तू बोट दाखवलंस तिथं, एक बाई मेथी, सांभार घेऊन बसली होती. तू तिच्याशेजारी उपड्या क्रेटवर जाऊन बसलीस. मी कडुनिंबाखाली उभा राहिलो आणि घसा खाकरून गाणं म्हणायला लागलो, आपलं नाताळचं, बापाला आवडायचं ते. बादल्यांवाल्यानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या चपलांकडे पाहिलं, आणि बादल्या थोड्या लांब सरकवल्या. मी तीनही कडवी म्हटली. आयुष्यात इतका मोठ्यानं मी चर्चमध्येही गायलो नव्हतो.

परत आलो तर तू मान हलवत होतीस. "काहीच नाई आयकू आलं."

शेजारची मेथीवाली म्हणाली, "मले तं आलं बा. कोनी बुढा वरडून राहिला होता. मले वाटलं कोनाचं पाकीट मारलं."

तेव्हा माझं लक्ष तुझ्या कानाकडे गेलं. कानात मशीन नव्हतं. ते तू काढून पिशवीत ठेवलं होतंस. "बाजारात ते घातलं का डोक्यात गिरनी चालते," तू म्हणालीस. ताई, मी तिथंच कपाळावर हात मारला. पाऊणशे वर्षांचे तुझे कान आणि मायचे पंचविशीतले कान, असा प्रयोग असतो होय? माझ्या आठवीतल्या पोरानं असं केलं असतं तर मी वही फेकली असती. तू मात्र वकिलासारखी उभी राहिलीस. "मंग तू बस. तुहे कान चांगले हायेत. गानं मी म्हनीन."

तुझा आवाज मला माहीत होता. मी पाळण्यात असल्यापासून त्या आवाजावर झोपलो होतो. तू कडुनिंबाकडे गेलीस, हळूहळू, पाय ओढत, आणि मी क्रेटवर बसलो. समोर माणसं, सायकली, हिरव्या मिरच्यांचे ढीग. कुठूनतरी चिवडेवाल्याचा भोंगा. लांबवर तुझी पांढरी साडी दिसत होती. तुझं तोंड हलताना दिसत होतं, हात वर जाताना दिसत होता. मी श्वास रोखून ऐकलं. मेथीवालीलाही मी हातानं गप्प केलं, तीही बिचारी माझ्याबरोबर ऐकायला लागली.

तू परत आलीस तेव्हा घामानं भिजली होतीस. एवढंसं तोंड झालं होतं तुझं. तू म्हणालीस, "आयकू आलं?"

"आलं."

"खरं सांग पोट्ट्या. काय आयकू आलं?"

"सगळं. शब्द न् शब्द."

"कोन्तं गानं?"

मी सांगितलं. ते चूक होणं शक्यच नव्हतं. एकटीनं गायची वेळ आली की तू तेच गायचीस, मेंढरू हरवल्याचं.

तू मटकन त्या क्रेटवर बसलीस आणि रडायला लागलीस. तोंडावर पदर घेऊन, खांदे हलेपर्यंत. मेथीवाली घाबरली, तिनं तिच्या बाटलीतलं पाणी दिलं. मला वाटलं, दगदग झाली. मग तू बोललीस ते मी अजून कोणाला सांगितलेलं नाही.

"म्या आयकलं होतं रे. मायनं मले मीठ आनाले पाठवलं, अन् मी तठी कडुनिंबाखाली जाऊन बसली. लय वेळ बसली. त्याईनं चित्रं दाखवली. मले एक रंगीत कार्ड देल्लं, खांद्यावर मेंढरू घेतलेल्या मानसाचं. माय म्हने कुठं होती एवढा वेळ? म्या कार्ड परकरात लपवलं अन् म्हटलं, मिठाच्या दुकानात गर्दी होती. म्या सांगतलं असतं तं तिले समजलं असतं. एवढंच तं सांगाचं होतं. मार बसन म्हनून नाई सांगतलं. अन् मंग तू झाला अन् ती गेली."

ते ऐकेपर्यंत मला वाटत होतं की आपण एका धार्मिक मुद्द्यावर भांडतोय. सात वर्षांच्या पोरीनं मार चुकवायला मारलेली एक थाप सत्तरीच्या बाईनं छातीवर बाळगली होती. त्या थापेपायी तू चाळीस वर्षं चालत होतीस. प्रत्येक गावात, प्रत्येक ओट्यावर, तू मायला ते सांगत होतीस जे त्या दिवशी राहिलं. आणि मी फोनवर तुला न्यायाचे धडे देत होतो.

"पन आता तू म्हनतो आयकू येते," डोळे पुसत तू म्हणालीस. "म्हंजे तिनं आयकलं असन. म्या नाई सांगतलं तरी."

"असन म्हणजे? ऐकलंच," मी म्हणालो.

मेथीवालीला एव्हाना सगळं समजलं होतं. ती म्हणाली, "माय गेली तुमची, तं तिनं काय आयकलं अन् काय नाई ते तिले अन् देवाले माहीत. तुमी दोघं उनात काहून बसून राहिले? घरी जा. अन् मेथी घेऊन जा, सकायची हाये." आपण चार जुड्या घेतल्या. खरं तर दोघांच्याही घरी मेथी खाणारं कोणी उरलं नव्हतं.

ताई, मी खोटं बोललो.

मला एकही शब्द ऐकू आला नव्हता. आवाज आला. वर जाणारा, खाली येणारा, तुझा आहे हे कळावं इतका. गाणं कोणतं ते मी सवयीनं सांगितलं, कानानं नाही. हे तुला सांगायचं मी पाच वर्षं लांबवलं. दर रविवारी वाटायचं, आज सांगू. मग तू ब्लडप्रेशर विचारायचीस आणि मी गोळ्यांची नावं सांगायचो. त्या दिवसानंतर तू मायविषयी नव्यानं बोलायला लागलीस हे मला दिसत होतं. आधी तू तिचं नाव काढलंस की तुझा आवाज खाली जायचा. आता तुला बारीकसारीक आठवायला लागलं होतं: ती चिंचेची बोटुकं मिठात मुरवायची, तिला गाढवाची भीती वाटायची. सत्तर वर्षं मला न मिळालेली माय मला त्या खोट्यामुळे मिळाली. ते परत कसं घेऊ?

एकदा मी तुला छेडलंच. म्हटलं, "आता तर माय तरली म्हणतेस. मग या वयात वॉर्डात कशाला जातेस? सरगुंडे वळ घरी."

तू लगेच म्हणालीस, "मायले आयकू आलं असन. दुसऱ्या कोनाची माय बसली असन ना त्या टोकाले." आणि फोन ठेवून दिलास. ज्या प्रश्नानं तू मला आयुष्यभर गप्प केलंस, त्याचं उत्तर तूच दोन वाक्यांत देऊन मोकळी झालीस, आणि मला शाबासकी द्यायलाही वेळ ठेवला नाहीस.

आता शेवटचं.

तू जायच्या दोन दिवस आधी मी अकोल्याला दवाखान्यात आलो. सकाळचे अकरा असतील. तुझी उशी उंच केली होती आणि ओठ कोरडे होते, मी चमच्यानं पाणी दिलं. आज सांगायचंच असं ठरवून आलो होतो. अमरावतीपासून बसमध्ये वाक्यं जुळवत आलो होतो. खुर्ची ओढली आणि म्हणालो, "ताई, तो बाजाराचा दिवस..."

तू हात वर केलास. म्हणजे आधी माझं ऐक.

"मले एक सांग," तू म्हणालीस. आवाज इतका बारीक झाला होता की मला वाकावं लागलं. "मायनं मले ओयखलं नाई तं? ती पंचवीस वर्सांची. मी अशी. दात नाई, केस नाई. तिनं मले सात वर्सांची पाह्यलं होतं."

माय तिथं असेल का, हे तू विचारत नव्हतीस. त्याचं काही तुझ्या मनातही नव्हतं. नवीन साडी नेसून पाहुण्यांकडे निघालेल्या बाईला असते तेवढीच काळजी तुला लागली होती. इतक्या वर्षांचं भांडण असं संपलं, कोण जिंकलं ते कळलंच नाही, आणि माझी बसमधली सगळी वाक्यं घशात राहिली.

"तू तुझं नाव सांगजो," मी म्हणालो. तुझ्याशी बोलताना अजूनही माझ्या तोंडी आपली बोली येते. "मी शांता हावो म्हनजो."

तू डोळे मिटून हसलीस. मला वाटलं झोप लागली. मग डोळे न उघडताच म्हणालीस, "अन् तुहं? तुहं नाव तं तिनं आयकलंच नाई."

खरंच की. बारसं व्हायच्या आधीच माय गेली. माझं नाव दवाखान्यातल्या एका सिस्टरनं ठेवलं, मी एकवीस दिवसांचा असताना, कागदावर काहीतरी लिहायला हवं म्हणून. मायनं मला कधी मनोहर म्हणून हाक मारली नाही. तिला हे नाव कोणी सांगितलं नाही. सत्तर वर्षं मी तिचा मुलगा म्हणून जगलो आणि ही गोष्ट माझ्या कधी मनातही आली नव्हती. तुझ्याही आली नसावी, त्या सकाळपर्यंत. तू माझा हात धरलास. नंतर सिस्टर आली आणि भेटीची वेळ संपली म्हणाली.

आठ दिवस मी त्याच एका गोष्टीवर बसलोय, ताई. तुझ्यासारखं शास्त्र मला येत नाही. पण एवढं मला कळतं की नाव ठाऊक नव्हतं म्हणून मी तिचा कमी झालो नाही.

तेव्हा तिला माझा सलाम सांग. मनोहर म्हणालीस तर ती गोंधळेल, कोण मनोहर म्हणून विचारील. मग नाव राहू दे. नुसतं सांग, तुझं ते तीन दिवसांचं लेकरू. ती ओळखील.